लाकडी रुळांची गोष्ट

मागच्या रविवारी कपाट आवरायला घेतलं. आवरायला घेतलं म्हणजे नेहमीप्रमाणे दोन कप्पे उपसले आणि त्यातच दुपार गेली. शोधत होते सोसायटीच्या पुनर्विकासाचे कागद. ते सापडले, पण त्यांच्याखाली एक जुना फोटो निघाला आणि कागद बाजूलाच राहिले.

फोटो २००७ सालच्या जुलैमधला. मागे पांढऱ्या खांबांचं दाट जाळं आणि त्यावरून वळणं घेत गेलेले रूळ. पुढे आमचे हे उभे, डोक्यावर जावयाची टोपी. शेजारी नातू, तेव्हा अकरा वर्षांचा. दोघांच्याही चेहऱ्यावर शाळा बुडवून आल्यासारखं हसू. फोटोच्या मागे यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय, "सायक्लोन, कोनी आयलंड. रूळ लाकडी, खांब पोलादी. देखभाल चांगली."

लोक फोटोमागे नावं आणि तारखा लिहितात. यांनी तपासणीचा शेरा लिहिला होता! पण मध्य रेल्वेत आयुष्यभर पी.डब्ल्यू.आय. म्हणून, म्हणजे रुळांची देखरेख करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार. यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. फोटो हातात घेऊन बराच वेळ बसले होते, मग ठरवलं की या वेळचा लेख सायक्लोनवरच लिहायचा. रोलर कोस्टरवर लिहायचं हे वय आहे का, असं भाचेमंडळी म्हणतील. म्हणू देत. मी त्यात बसले नव्हते, समोरच्या बाकावर बसले होते.

(आमच्या नातेवाइकांपैकी ज्यांनी ही अमेरिकेची हकीकत दहा वेळा ऐकली आहे त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल. शेवटचा मात्र वाचा.)

आधी थोडं मागचं. तीस वर्षं इतिहास शिकवल्यावर एकदम मधूनच सुरुवात करणं मला जमत नाही.

या खेळाचं मूळ रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यात लाकडाचे सत्तर-ऐंशी फूट उंच मांडव उभारायचे, उतारावर पाणी ओतायचं आणि ते गोठलं की त्यावरून खाली यायचं. आपली घसरगुंडीच, पण बर्फाची. पुढे हे वेड फ्रान्समध्ये गेलं. तिथे तसा बर्फ कुठला? म्हणून गाड्यांना चाकं आली आणि चाकं सुटू नयेत म्हणून रुळांना खाचा आल्या. पॅरिसमध्ये १८१७ साली अशा घसरगाड्या सुरू झाल्या. १८१७ हा आकडा वाचून मी चमकलेच. आपल्याकडे त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. तिकडे लोक पैसे देऊन घसरत होते! आणखी एक गंमत. फ्रेंच लोक रोलर कोस्टरला आजही "रशियन डोंगर" म्हणतात आणि रशियन लोक "अमेरिकन टेकड्या" म्हणतात. आपण मराठीत रोलर कोस्टरच म्हणतो. आकाशपाळण्यासारखा इतका सुंदर शब्द ज्या भाषेने केला, तिला याच्यासाठी का सुचला नाही कोण जाणे.

अमेरिकेत हा खेळ कोळशाच्या वाटेने आला. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ साली डोंगरावरच्या खाणीतून कोळसा खाली आणायला रूळ टाकले. भरलेले डबे उताराने आपोआप खाली यायचे, रिकामे डबे खेचरं वर ओढून न्यायची. खाली येताना ती खेचरंही डब्यात बसून यायची आणि एकदा ही चैन कळल्यावर पायी उतरायला तयारच होईनात, असं सांगतात. (आमच्या शाळेच्या सहलीत एकदा गड चढून गेलेली मुलं आठवली. असो.) पुढे कोळशाला दुसरी वाट मिळाली आणि हे रूळ हौशी प्रवाशांसाठी राहिले.

त्यानंतर आला लामार्कस थॉम्पसन. धार्मिक वृत्तीचा माणूस. लोकांनी दारूच्या गुत्त्यात बसण्यापेक्षा मोकळ्या हवेत निर्मळ करमणूक करावी, असं त्याचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, ब्रुकलिनच्या समुद्रकिनाऱ्यावर कोनी आयलंड नावाची जागा आहे. तिथे त्याने १८८४ च्या जूनमध्ये लाकडी चढउतारांवरून धावणारी गाडी सुरू केली. भाडं पाच सेंट, वेग ताशी सहा मैल! म्हणजे जरा लगबगीने निघालेली सायकल तिला मागे टाकेल. माणसं बाजूला तोंड करून बाकावर बसायची. पलीकडच्या टोकाला पोचलं की सगळ्यांनी उतरायचं, नोकरांनी गाडी ढकलत दुसऱ्या रुळावर चढवायची, मग परतीचा प्रवास. तरीही लोकांच्या रांगा लागल्या. ही जागा तेवढी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

१९२० च्या सुमाराला न्यूयॉर्कची सबवे थेट कोनी आयलंडपर्यंत पोचली. पाच सेंटात कोणीही समुद्रावर जाऊ लागलं. गिरणीकामगार, शिंपी, गोदीतले हमाल, नुकतेच बोटीतून उतरलेले इटालियन आणि ज्यू, सगळे. उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी दहा-दहा लाखांची गर्दी व्हायची. आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी. ते कुर्ला विजेची गाडी धावली, त्याच सुमाराची ही गोष्ट. (तीच हार्बर लाईन पुढे १९९२ साली आमच्या वाशीला आली. तोवर आम्हाला इथे राहायला येऊन सहा वर्षं झाली होती आणि रोज बसने खाडीपूल ओलांडून शाळेत जाता-येता माझं निम्मं वाचन त्या बसमध्येच झालं होतं.)

एवढी गर्दी म्हटल्यावर चढाओढ आलीच. तीन वर्षांत तीन मोठे रोलर कोस्टर उभे राहिले. १९२५ साली थंडरबोल्ट, १९२६ साली टॉर्नेडो आणि २६ जून १९२७ ला सायक्लोन. वीज, वावटळ आणि चक्रीवादळ. एका घरातली तीन भावंडं म्हणा ना.

सायक्लोनची जागा जेमतेम ७५ फूट रुंद आणि ५०० फूट लांब, म्हणजे पुरती एक एकरसुद्धा नाही. तेवढ्यात व्हर्नन कीनन या इंजिनियरने अर्धा मैल रूळ बसवला. वर-खाली, उलटसुलट, एकावर एक. सगळ्यात उंच जागा ८५ फूट, आणि तिथून पहिली उडी जवळजवळ साठ अंशांच्या उतारावर. वेग ताशी साठ मैलांपर्यंत जातो. थॉम्पसनच्या गाडीपेक्षा दहापट, आणि तेसुद्धा ४३ वर्षांत. सगळा प्रवास दोन मिनिटांच्या आत संपतो. सुरुवातीचं तिकीट पंचवीस सेंट होतं, म्हणजे सबवेच्या पाचपट. तरी लोक पुन्हा पुन्हा बसत.

आणि त्या जागेवर आधी काय होतं? जायंट रेसर नावाचा १९११ सालचा लाकडी रोलर कोस्टर. तो पाडून सायक्लोन बांधला. आणि त्याच्याही आधी, त्याच कोपऱ्यावर, थॉम्पसनची ती ताशी सहा मैलांची गाडी होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी परत आल्यावर वाचनात आलं आणि हल्ली सारखं आठवतं. का, ते पुढे सांगते.

आता आमची फेरी. मी २००७ साली निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे, न्यू जर्सीत एडिसनला गेलो. सगळ्यांचे आई-वडील जे पाहतात ते सगळं पाहून झालं. एक दिवस नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हाला रेल्वेची आवड आहे ना, मग एक ऐंशी वर्षांची गाडी दाखवतो." कोनी आयलंडला उतरलो तर समोर समुद्र, फळ्यांचा लांबच लांब रस्ता आणि मक्याच्या कणसांचा वास. थोडीशी आपली चौपाटीच.

सायक्लोनपाशी गेल्यावर हे सरळ तिकिटाच्या खिडकीकडे गेले नाहीत. कुंपणाला धरून खांबांचे पाय बघत बसले.

"अगं, खांब तर लोखंडाचे आहेत!" चेहऱ्यावर निराशा. लाकडी म्हणून आणलं आणि हे काय, असा भाव.

मग मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "पण रूळ लाकडीच आहेत. बरोबर आहे त्यांचं."

ते मला नंतर परतीच्या गाडीत वहीच्या पाठपानावर चित्र काढून समजावलं. लाकडी रोलर कोस्टर म्हणायचं ते मुख्यतः रुळावरून. सायक्लोनचा सांगाडा पोलादाचा आहे, पण गाडी धावते ती लाकडावर. फळ्यांवर फळ्या अशा कितीतरी थर रचून, खिळे आणि बोल्ट मारून रूळ तयार करायचा, त्याच्या माथ्यावर लोखंडी पट्टी ठोकायची, चाक त्या पट्टीवरून जातं. चाकंही तीन तऱ्हेची. एक वरून चालणारं, एक बाजूने धरणारं आणि एक रुळाच्या खालून. ते खालचं चाक जॉन मिलर नावाच्या माणसाची करामत. त्याचं पेटंट १९१९ सालचं. त्यामुळे गाडी रुळावरून उचलली जाऊच शकत नाही, म्हणून तर पुढे इतके भयंकर उतार काढता आले. थंडरबोल्टची आखणीही याच मिलरची. "आमच्या गाडीला खालचं चाक नाही, आमची सगळी भिस्त वजनावर," हे म्हणाले होते.

लाकूड दबतं, थोडं हलतं, पावसाने फुगतं, उन्हाने आकसतं. प्रत्येक फेरीत बोल्ट किंचित सैल होतो. म्हणून असल्या रुळांवरून रोज सकाळी, लोकांना आत सोडायच्या आधी, माणसं चालत जातात. सैल असेल ते आवळायचं, कुजलेली फळी बदलायची. हिवाळ्यात खेळ बंद असतो तेव्हा मोठी कामं.

"म्हणजे आपला चावीवालाच की!" हे एकदम खूश. रेल्वेत चावीवाला म्हणजे खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून रोज आपल्या हद्दीतल्या रुळांवरून पायी जाणारा गँगमधला माणूस. पावसाळ्यात घाटात असल्या माणसांच्या जिवावर गाड्या चालतात आणि त्यांचं नाव प्रवाशांना कधी कळत नाही, हे यांचं आवडतं भाषण. त्या दिवशी ते ब्रुकलिनमध्ये झालं.

बसू नका म्हणून मी सांगून पाहिलं. "अहो, चौसष्ट वय आहे तुमचं." सायक्लोनवर अपघात झालेले आहेत, माणसं दगावलीही आहेत, हे जावयाने हळूच सांगितलं होतं. पण हे म्हणाले, "बोरघाटात पुश ट्रॉलीवर बसून उतरलोय मी. आणि यांचा ब्रेकवाला बघितला का? हाताने दांडा ओढतो. माणूस आहे तिथे, मशीन नाही." आणि गेले नातवाबरोबर.

बाकावरून मला ती साखळीची टक टक टक ऐकू येत होती. गाडी टोकाला पोचली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग जो आवाज झाला! पुढची दोन मिनिटं मी समुद्राकडे बघत रामरक्षा म्हणत होते. हे उतरले ते चष्मा सावरत. पहिलं वाक्य, "तिसऱ्या वळणावर थोडं पॅकिंग हवंय."

(१९४८ साली एका खाणकामगाराची गोष्ट वर्तमानपत्रात आली होती. कित्येक वर्षं त्याची वाचा गेली होती, तो सायक्लोनवर ओरडला आणि बोलायला लागला म्हणे. मी शिक्षिका असल्यामुळे असल्या गोष्टी थोड्या हातचं राखून ऐकते. पण यांचा आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला होता, हे खरं.)

त्या तीन भावंडांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मंदी आली, महायुद्ध झालं, मग घरोघरी मोटारी आल्या आणि लोक कोनी आयलंड सोडून लांब जाऊ लागले. १९५९ साली डिस्नेलँडमध्ये पोलादी नळ्यांच्या रुळावरची गाडी आली. नळीचा रूळ गुळगुळीत, त्याला लाकडाइतकी रोजची ठोकाठोक लागत नाही. जुने लाकडी रोलर कोस्टर देशभर एकेक करून पाडले जाऊ लागले.

कोनी आयलंडचा स्टीपलचेस पार्क १९६४ साली बंद झाला. ती जागा ज्या बिल्डरने घेतली त्याचं नाव फ्रेड ट्रम्प, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांचे वडील. तिथे उंच इमारती बांधायचा त्यांचा बेत होता. जुन्या पार्कचा मोठा काचेचा मंडप १९६६ साली पाडायचा होता, तर त्यांनी चक्क समारंभ ठेवला आणि पाहुण्यांना काचांवर विटा मारायला बोलावलं. इमारतींना मात्र परवानगी मिळालीच नाही. मंडप गेला आणि जागा तशीच ओसाड राहिली. मी हे वाचलं तेव्हा विटा मारणाऱ्या पाहुण्यांचाच विचार करत राहिले. त्यांतले काही लहानपणी त्याच मंडपात खेळायला आले नसतील का?

टॉर्नेडो १९७७ च्या डिसेंबरात जळाला. थंडरबोल्टची कथा आणखी वेगळी. तो एका जुन्या हॉटेलच्या डोक्यावरच बांधला होता, त्याचे पोलादी खांब घराच्या भिंतींमधून गेलेले. त्या घरात मालकाचं कुटुंब चक्क राहत होतं. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी गाडी! वुडी ॲलनच्या "ॲनी हॉल" या १९७७ च्या सिनेमात नायकाचं बालपणीचं घर म्हणून ते दाखवलंय. थंडरबोल्ट १९८२ साली बंद पडला. मग वर्षानुवर्षं कोणी त्याच्याकडे बघितलं नाही, वेली चढल्या, गंज चढला, आणि २००० सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी शहराने धोकादायक ठरवून तो पाडला.

सायक्लोनवरही ही वेळ आलीच होती. साठचं दशक संपता संपता ती जागा शहराच्या ताब्यात गेली. शेजारी न्यूयॉर्कचं मत्स्यालय आहे, ते १९५७ सालीच तिथे आलेलं. त्याला वाढायला जागा हवी होती आणि सायक्लोन पाडून ती देता आली असती. रोलर कोस्टर मोठा की मासे मोठे? तेव्हा बऱ्याच शहाण्या माणसांना मासेच मोठे वाटले. लोकांनी आरडाओरडा केला, "सायक्लोन वाचवा" म्हणून मोहीम काढली. शेवटी शेजारच्या ॲस्ट्रोलँड पार्कच्या मालकांनी तो शहराकडून भाड्याने घेतला, दुरुस्त केला आणि ३ जुलै १९७५ ला पुन्हा सुरू केला. पुढे १२ जुलै १९८८ ला न्यूयॉर्कने त्याला शहराची संरक्षित वास्तू ठरवलं आणि १९९१ साली राष्ट्रीय यादीतही नाव गेलं. ॲस्ट्रोलँड स्वतः २००८ साली बंद झालं. त्यानंतर लूना पार्क नावाच्या नव्या पार्ककडे सायक्लोन चालवायला आला, हिवाळ्याहिवाळ्याला रुळांचे तुकडे नव्याने बांधले गेले. मालकी अजून शहराचीच आहे.

इथे माझ्यातली शिक्षिका अडते. १९२७ सालची एकही फळी आज त्या रुळात असेल असं मला वाटत नाही. खिळे बदलले, फळ्या बदलल्या, गाड्याही बदलल्या. मग १९८८ साली शहराने नेमकं काय जपायचं ठरवलं? लाकूड तर नक्कीच नाही. आखणी जपली म्हणावं, तर आखणी कागदावर असते. मला वाटतं, त्यांनी ती रोज सकाळी चालायची रीत जपली. हे यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "कविता पुरे, बोल्ट मोजले का?"

आपल्याकडे अशी जुनी लाकडी गाडी नाही. कोलकात्याच्या निक्को पार्कमध्ये एक लाकडी आहे, तिचं नावही सायक्लोनच. पण मुंबईकरांचा रोलर कोस्टर म्हणजे गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधला. ते १९८९ साली सुरू झालं. नव्वदच्या दशकात नववीचे वर्ग घेऊन मी तीनदा गेले आहे. बोटीत मुलं मोजायची, उतरल्यावर पुन्हा मोजायची, प्रत्येक राईडनंतर पुन्हा मोजायची. त्या तीन सहलींत मी खेळ एकही पाहिला नाही, फक्त डोकी पाहिली. एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद झालं तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे (ते आता पन्नाशीकडे आलेत) किती फोन आले! खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ पासून आहे, तिथला नायट्रो पुरा पोलादी. लाकडाचं म्हणाल तर आपल्याकडे जत्रेतला मौत का कुआँ. फळ्या जोडून विहीर उभी करायची, आतल्या भिंतीवरून मोटारसायकल फिरवायची, जत्रा संपली की फळ्या मोजून ट्रकमध्ये. लहानपणी मी त्याच्या कठड्याला धरून उभी असताना सगळी विहीर हलत होती ते अजून तळपायाला आठवतं. दरवेळी नवी बांधणी, म्हणजे दरवेळी प्रत्येक फळीला हात लागलेला.

आता त्या कपाटातल्या कागदांकडे येते.

आमची वाशीतली इमारत चार मजली, आम्ही तिसऱ्यावर. १९८६ साली राहायला आलो तेव्हा समोर खाजण होतं आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. हे निवृत्त झाल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि चौदा वर्षं राहिले. यांनी एक लांबट वही केली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गच्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळी इमारत पायी फिरायची आणि वहीत नोंद करायची. "पूर्वेची भिंत, दुसरा मजला, केसाएवढी भेग, खूण केली." "गच्चीचं डांबर मे संपायच्या आत." "जिन्यातला पाइप, गंज." लोक हसायचे. मीही हसायचे. रविवारचे पोहे गार होतात म्हणून चिडायचेसुद्धा. शेवटची नोंद २०१७ च्या ऑक्टोबरमधली आहे, कारण पुढे हे आजारी पडले. त्यानंतरची पानं कोरी.

नंतर कोणी फिरलं नाही, असं मी म्हणणार नाही. प्लंबर आला, रंग लागला. पण वही कोणी उघडली नाही, मीही नाही. गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावर छताच्या गिलाव्याचा मोठा तुकडा पडला. तिथे नवीन जोडपं राहतं, दीड वर्षाचं बाळ आहे. बाळ तेव्हा आतल्या खोलीत होतं, म्हणून आज हे लिहू शकते. तपासणी झाली, अहवाल आला, आणि आता इमारत पाडून नवी बांधायचं ठरतंय. बहुतेकांच्या सह्या झाल्या. माझी राहिली आहे.

लेक फोनवर म्हणते, "आई, सही कर ना, लिफ्ट मिळेल." गुडघ्यांचंही तेच म्हणणं आहे. मला नको आहे असं नाही. पण यांनी खूण केलेली ती भेग मी दारात उभी राहून दाखवू शकते. पेन्सिलची रेघ आणि शेजारी तारीख. ती भिंत जाणार.

मग तो जायंट रेसर आठवतो. १९२७ साली तोसुद्धा कुणाच्या तरी लहानपणचा होता, अवघा सोळा वर्षांचा. तो पाडला म्हणून सायक्लोन उभा राहिला आणि ज्यांनी पाडला त्यांना कोणी नावं ठेवत नाही. तेव्हा पाडणं वाईटच, असं मला म्हणता येत नाही. स्टीपलचेससारखं पाडून ओसाड ठेवलं तर वाईट. आणि थंडरबोल्टसारखं आधी अठरा वर्षं बघायचं नाही आणि मग एका सकाळी धोकादायक म्हणायचं, त्याचं काय? आमच्या इमारतीचं त्यांतलं कुठलं, हे ठरवायला मी चार दिवस घेतले. खालच्या बाळाने ते काम सोपं केलं, खरं सांगायचं तर.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता गच्चीवर सभा आहे. सही करणार आहे. फक्त एक मागणं लिहून दिलंय, की नव्या इमारतीचा ताबा मिळाल्यावर पहिल्या वर्षापासून महिन्याला एकदा कोणीतरी ती पायी फिरून नोंद करायची, आणि ते ठरावात घ्यायचं. खालच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "काकू, मी फिरेन, पण मला काय बघायचं ते कळायला हवं." वही त्याला वाचायला दिली आहे. अक्षर लागत नाही म्हणून रोज रात्री जेवण झाल्यावर तो वर येतो आणि मी वाचून दाखवते. काल आम्ही २००९ पर्यंत आलो.

फोटो इथे लावायचा होता, पण मला स्कॅन जमत नाही. नातवाला (आता एकोणतीस वर्षांचा आहे) विचारलं, तर म्हणाला, "आजी, मोबाईलवर फोटोचाच फोटो काढून पाठव, मी नीट करून देतो." आला की लावीन. मागची बाजूसुद्धा.